धारणीची रविवारची गाडी

डिझेलची गाडी थंडीमुळे सुरू होत नाही, असं कोणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. थंडी बिचारी दरवर्षी येते आणि जाते. ती काही गाडीच्या तारा कुरतडायला येत नाही. धडधाकट गाडी थंडीत थोडी कुरकुर करते, जरा वेळ घेते, पण सुरू होते. जी होत नाही तिच्यात आधीच काहीतरी बिघडलेलं असतं आणि थंडी ते फक्त उघड्यावर आणते. हे मी उभं आयुष्य लोकांना सांगत आलो आणि लोक उभं आयुष्य माझ्या डोळ्यांदेखत गाडीखाली शेकोटी पेटवत आले. मी चिडलो की बायको म्हणायची, "बसा गप. साऱ्या गावाच्या गाड्यायचा ठेका तुमीच घेतला काय?"

ती गेल्याला आता बरेच हिवाळे झाले. मला गप बसवणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लिहायचं आहे ते एका गाडीबद्दल, पण लिहिताना आठवते ती तीच. त्याला माझा इलाज नाही.

साठ सालच्या आगेमागे मी परतवाड्यात एका मोटार गॅरेजमध्ये कामाला होतो. आमचं घर अकोल्याकडचं, काळ्या जमिनीचं, कापूस-ज्वारीचं. थोरल्या भावानं वखर धरला, मी अकोल्याच्या एका गॅरेजात जाऊन पाना धरला. इंजिनात माझा जीव फारसा रमला नाही. मन बसलं ते तारांवर. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, दिवे, हॉर्न; गाडीत वीज जिथं जाते तिथपर्यंत माझं राज्य. त्यामुळं परतवाड्यात मला नावानं कोणी ओळखत नसे, सगळे बॅटरीवाला म्हणत. लग्नपत्रिकेत तेवढं छापलं नाही हे नशीब.

बायको अमरावतीची, राजापेठेतली. तिचे वडील शाळामास्तर होते आणि मुलीलाही त्यांनी मास्तरकीचं शिक्षण दिलं होतं. आमच्यासारख्या शेतकरी घरात नोकरी करणारी सून म्हणजे गावभर बोलण्याचा विषय. लग्न वैशाखात झालं आणि मृग लागता लागता तिला धारणीच्या शाळेत नेमणूक मिळाली. म्हणजे सलग संसार असा आमच्या वाट्याला आला तो एक उन्हाळा. गॅरेजच्या मागं टिनाची खोली, दिवसभर भट्टीसारखी तापलेली, आणि तिच्यात आम्ही दोघं. घामानं निथळत असू, पण तेवढा सुखात मी पुन्हा कधी नव्हतो. जून महिन्यात तिची ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली आणि खोलीत परत आलो, तर त्या टिनाखाली मला चक्क हुडहुडी भरल्यासारखं झालं.

धारणी नकाशावर जवळ दिसते, पण मध्ये सगळा मेळघाट आहे. घाट, वळणं, नाले, आणि रस्ता म्हणजे नावाला रस्ता. पावसाळ्यात तर नाले चढले की तोही बंद. त्या रस्त्यावर एका खासगी मालकाची डिझेल मोटार चालायची. दुपार कलली की परतवाड्याहून निघायची, मुक्काम धारणीला करायची आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिथून परत निघायची. रविवारी बायको तिच्यात बसून माझ्याकडं यायची. गाडी वेळेवर सुटली तर ती जेवणवेळेआधी परतवाड्यात पोचे. मग गाडी परत निघेपर्यंतचा वेळ आमचा. सोमवारी शाळा असल्यानं त्याच गाडीनं तिला परतावं लागे.

कोणी विचारेल की बाबा, तूच का जात नव्हतास? गॅरेजला रविवारी सुट्टी नव्हती. उलट जंगलातल्या ठेकेदारांच्या गाड्या रविवारीच दुरुस्तीला यायच्या. मालक भला होता, ती उतरली की मला सोडून द्यायचा, पण तेवढंच. आणि धारणीत ती शाळेतल्याच एका वयस्क विधवा बाईंसोबत एका खोलीत राहायची. तिथं नवऱ्यानं मुक्काम करावा अशी सोय नव्हती आणि रीतही नव्हती.

पाऊस ओसरला, रस्ता मोकळा झाला आणि आमचे रविवार सुरू झाले. मी सकाळपासून हातात पाना आणि कान रस्त्याकडं असा असायचो. त्या मोटारीचा आवाज मला घाटातून उतरल्यापासून ओळखू यायचा. बायको उतरायची, अंगावर धूळ, केसांत धूळ, आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य, "भूक लागली." मग खोलीवर जाऊन ती पातोड्यांची भाजी करायची, मी शेजारी बसून कांदे चिरायचो आणि ती शाळेतल्या कोरकू पोरींच्या गोष्टी सांगायची. या पोरी शाळेत येतच नसत. हिनं त्यांच्या पाड्यावर जाऊन, त्यांच्या आयांजवळ बसून, काही जणींना आणलं होतं. एक पोरगी पाटीवर स्वतःचं नाव लिहायला शिकली तेव्हा हिनं ते मला इतक्यांदा सांगितलं की ती पोरगी माझ्याच नात्यातली वाटू लागली. बोलताना तिचा चेहरा उजळून निघायचा. मी मनात खूणगाठ बांधली की हिचा जीव त्या शाळेत आहे.

मग दसरा आला. आपल्याकडं ज्याच्यावर पोट चालतं त्याची दसऱ्याला पूजा. शेतकरी वखर-नांगर धुतो, आम्ही पाने-पेचकस पाटावर मांडतो, आणि मोटारवाले तर कितीतरी आधीपासून गाडी नवरीसारखी सजवायला घेतात. धारणीच्या मोटारीचा ड्रायव्हर मोठा भाविक माणूस. स्टेअरिंगला हात लावायच्या आधी तो रोज नमस्कार करायचा. त्यानं त्या वर्षी गाडी स्वतःच्या हातानं रंगवली. चाकं चंदेरी, खालचा सगळा लोखंडी सांगाडा लाल, बॅटरीची पेटी लाल, ऑइलपेंटचे दोन-दोन हात. झेंडूचा हार घालून गाडी गॅरेजसमोर आली तेव्हा बघत राहावं अशी दिसत होती. पेढे मीही खाल्ले.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, आणि एका रविवारी गाडी आलीच नाही. मी वाट बघून बघून कावलो. मालक म्हणाला, जा, जेवून घे. मी डबा भरून घेतला आणि रस्त्यावर येऊन उभा राहिलो. शेवटी गाडी आली ती परत निघायच्या वेळेला. ड्रायव्हर म्हणाला, "काय करता बाप्पा, थंडीनं मशीनच आखडली. ऊन चढेपावतर सुरूच नाही झाली." बायको एका बाजूनं उतरली, मी आणलेलं पाणी प्यायली, माझ्या हातातला जेवणाचा डबा घेतला आणि दुसऱ्या बाजूनं चढली. खिडकीतून म्हणाली, "दाढी करत जा रोज." एवढाच आमचा तो रविवार.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी गाडी थोडी लवकर आली, तर खोलीवर जाऊन चहा पिण्यापुरता वेळ मिळाला. धारणीत काय चालायचं ते ती सांगायची. पहाटे ड्रायव्हर सेल्फ मारायचा, इंजिन घरघर करून थांबायचं. मग घमेल्यात निखारे घालून ते इंजिनाखाली सरकवायचे. मग उतारू उतरून धक्का मारायचे. धारणीच्या त्या सपाट जागेवर लांबलचक मोटारीला धक्का मारून काय होणार? शेवटी सगळे उन्हात बसून राहायचे आणि ऊन तापलं की गाडी कधीतरी धूर सोडत सुरू व्हायची.

आता माझं दुखणं असं की ही गाडी माझ्यापुढं आली की इतकी शहाण्यासारखी वागायची! घाट उतरून तापलेलं इंजिन. सेल्फला नुसतं बोट लावलं की सुरू. बिघाड होता तो फक्त धारणीत, फक्त पहाटे, फक्त थंडीत. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर तो कुठंतरी घाटात उतरून जायचा. दवाखान्यात आलं की ताप उतरतो तसं. मी बॅटरी तपासली, तिच्यातलं पाणी चांगलं होतं, भरलेली होती. सेल्फ खोलून साफ केला. इंजिनात गरम करायचे जे हीटर असतात, सुरू करण्याआधी तापून हवा गरम करतात ते, ते एकेक काढून बॅटरीला थेट लावून बघितले. सगळे ठीक. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हसायचा. "म्या म्हटलं ना, थंडी हाये. डिझेल गोठते."

"धारणीत गोठते? काश्मिरातून आणता काय डिझेल?" मी म्हणायचो. पण नुसतं बोलून काय उपयोग होता?

म्हणून मी बायकोलाच कामाला लावलं. जो काही वेळ मिळे त्यात मी तिला गाडीत नेऊन दाखवलं. हे बघ, ड्रायव्हरपुढच्या फळीवर ही छोटी जाळी आहे, तिच्याआड एक तार आहे. हीटर चालू केले की ती तापून लाल होते. किती लाल होते ते बघ. मग सेल्फचा आवाज ऐक. नुसती टिक वाजते का, भरभर फिरतो का, की दमल्यासारखा फिरतो? तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी मले भेटाले येता का गाडीले, हे एकदा ठरवा."

पण काम तिनं चोख केलं. पुढच्या रविवारी उतरल्याबरोबर भूक लागली म्हणायच्या ऐवजी ती म्हणाली, "तार लाल नाही होत. विटेसारखी होते. काळपट." आणि सेल्फ कसा फिरतो ते तिनं भर रस्त्यात तोंडानं करून दाखवलं, "घर्रर... घर्रर... घुं." शेजारी उभे असलेले दोन उतारू तोंडात बोटं घालून बघत राहिले. मला मात्र तिला तिथंच उचलून घ्यावंसं वाटलं. कारण तिच्या त्या घर्ररमधून बिघाडाची निम्मी वाट मोकळी झाली होती. हीटरही अर्धेच तापतात आणि सेल्फही अर्ध्याच दमानं फिरतो, म्हणजे दोष या दोघांत नाही. दोघांना वीज जिथून येते त्या वाटेवर कुठंतरी अडथळा आहे. ऊबदार इंजिन फिरवायला थोडी वीज लागते, ती मिळते. थंड इंजिन जड असतं, त्याला भरपूर लागते, आणि तेवढी अडथळ्यातून येत नाही.

मी गॅरेजमधली चांगली बॅटरी गाडीत बसवून पाठवली. रविवारी तोच निरोप आला, विटेसारखी. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची जाड केबल नवी घातली. तरी विटेसारखी. रविवारचा जो काही तास मिळायचा त्यात आम्ही दोघं गाडीखाली वाकून बसलेलो असायचो. तिच्या लुगड्याला ग्रीस लागायचं. लोकांना वाटायचं बॅटरीवाल्यानं बायकोलाही हाताखाली घेतलं.

त्याच दिवसांत एका रविवारी माझे बाबा बैलबाजारासाठी परतवाड्याला आले. सून येणार म्हणून थांबले. गाडी आली ती अशीच उशिरा. सुनेनं खाली उतरून त्यांच्या पाया पडायचं आणि पुन्हा चढायचं, एवढाच वेळ होता. बाबा कमी बोलणारे, पण बोलले की बोलले. गाडीच्या दाराशी उभं राहूनच ते म्हणाले, "हा काय संसार हाये? पोरगी उतरते काय, चढते काय. तिकडं तिच्या घरात चूल पेटते, इकडं याची पेटत नाही. संक्रांतीपावतर पाहा. तवापावतर जर असंच राह्यलं तर सूनबाई, तू नोकरी सोडून दे अन् इथं ये."

"हो मामाजी," ती म्हणाली. गाडी सुटली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं मान खाली घातली होती. मला वाटलं, शाळा सुटणार म्हणून.

मग माझ्या मनाची जी ओढाताण सुरू झाली ती मी कोणाला सांगितली नाही. हिशेब अगदी सरळ होता. गाडी दुरुस्त झाली तर मला रविवार मिळणार होता, आणि बाकीचे सगळे वार ती धारणीत. गाडी दुरुस्त झाली नाही तर संक्रांतीनंतर ती कायमची माझ्या खोलीत. मी ज्या बिघाडाच्या मागं हात धुऊन लागलो होतो, तो बिघाड माझ्याच बाजूचा होता. संध्याकाळी गॅरेज बंद झालं की मी खोलीत जाऊन तिची कोपऱ्यात उभी केलेली रिकामी परात बघत बसायचो. तिला उचलून, पुसून पुन्हा तिथंच ठेवायचो. मला ती हवी होती. रविवारी नव्हे, रोज. सकाळी उठल्यावर ती कुठंतरी भांडं आपटताना ऐकू यावी, एवढीच माझी मागणी होती. पण ज्या पोरींची नावं घेताना तिचा चेहरा उजळायचा त्या पोरींपासून तिला तोडायचं, तेही मी न केलेल्या कामाच्या जोरावर, हे मला जमेना. शेवटी मालकाला सांगून शनिवारची सुट्टी घेतली आणि त्याच मोटारीनं धारणीला गेलो.

रात्री झोपलो मोटारीतच, लाकडी बाकावर. उजाडायच्या आधी जाग आली ती थंडीनं. बाहेर आलो तर गवत पांढरं पडलं होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. ती आधीच येऊन उभी होती, डोक्यावरून घोंगडी घेतलेली. हातात पितळी तांब्या आणि त्यात चहा. तांब्याला दोघांचे हात लागले आणि ती म्हणाली, "निरा बर्फ झाले की तुमी." उतारूही जमू लागले होते. ड्रायव्हरनं नमस्कार करून सेल्फ मारला. घर्रर... घर्रर... घुं. तिनं करून दाखवला होता तस्साच. इतक्या दिवसांनी माझा बिघाड माझ्यासमोर होता.

माझ्याकडं दोन तारा लावलेला एक बल्ब होता. आमच्या धंद्यात याच्याइतका प्रामाणिक माणूस नाही. बॅटरीला दोन टोकं असतात. एकातून वीज केबलनं सेल्फकडं जाते, दुसरं टोक एका पट्टीनं गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं असतं. वीज इंजिनात काम करून त्या लोखंडातूनच बॅटरीत परत येते. ही परतीची वाट मी परतवाड्यात बघितली होती, पट्टी ओढून बघितली होती, बोल्ट घट्ट होता. पण वाट खरंच मोकळी आहे का, हे थंड इंजिनावरच कळणार होतं. बल्बची एक तार मी बॅटरीच्या त्या टोकावर धरली आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडावर. ही वाट मोकळी असेल तर वीज सरळ पट्टीतून परत जाईल, बल्बकडं ढुंकून बघणार नाही. वाट अडली असेल तर ती बल्बमधून रस्ता काढेल.

माझे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून बल्ब मी बायकोच्या हातात दिला. "सेल्फ मारल्यावर याच्याकडं पाह्य. काहीच झालं नाही तर नाही सांग. लागला तर लागला सांग."

ड्रायव्हरला मी ओरडून सांगितलं, मार. इंजिन कण्हलं. मी गुडघ्यावर, तोंड बॅटरीच्या पेटीत, मला बल्ब दिसत नव्हता. आधी नुसत्या तिच्या बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, "लागला."

"कसा?"

"लाल. निखाऱ्यासारखा."

तेव्हा मला सगळं कळलं. मी तसाच गुडघ्यावर बसून राहिलो. पट्टीच्या बोल्टभोवती ड्रायव्हरचा तो लाल रंग चकाकत होता. दसऱ्याला त्यानं पट्टी काढली होती, सांगाडा भक्तिभावानं रंगवला होता, रंग वाळल्यावर पट्टी पुन्हा घट्ट बसवली होती. लोखंड आणि पट्टी यांच्यामध्ये ऑइलपेंटचे दोन हात! वीज येत होती ती बोल्टच्या आट्यांमधून, कशीबशी. पूजेसाठी जे केलं त्यानंच गाडीचा गळा आवळला होता, आणि दसरा झाला की थंडी पडतेच, म्हणून सगळ्यांनी आळ थंडीवर घेतला होता.

हे फक्त मला कळलं होतं. ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता, उतारू बघत होते, ती बघत होती. मी मान हलवून म्हणालो असतो की काही समजत नाही बुवा, तर कोणी मला दोष दिला नसता. ऊन चढलं असतं, गाडी निघाली असती, संक्रांत आली असती. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला लिहू? पण बिघाड सापडला की माणूस ओरडतो, आणि मी ओरडलो, "सापडलं!"

पट्टी सोडवली, कानशीनं रंग खरवडून खालचं लोखंड पांढरं केलं, पट्टी घासली, पुन्हा आवळली. ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. त्याचा चेहरा पडला. "म्या तं चांगल्यासाठीच रंगवलं होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "रंग चांगलाच हाये. एवढी रुपयाएवढी जागा सोडून रंगवत जा." मग त्यानं हीटर चालू केले. जाळीआडची तार बघता बघता लालभडक झाली. सेल्फ मारला तर इंजिन असं भरभर फिरलं की उतारू मागं सरकले. पांढरा धूर सोडत गाडी सुरू झाली. त्या थंडीत, शेकोटी नाही, धक्का नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसत होतो, खूप हसत होतो, कारण हसणं थांबलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

ती बल्ब हातात घेऊन तशीच उभी होती. म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मंग आता दर रविवारी येळेवर येईन," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. धूर होता खरा तिथं.

गाडी त्यानंतर कधी रुसली नाही. संक्रांत आली, बाबांनी विषय काढला नाही. ती दर रविवारी जेवणवेळेआधी यायची, पातोड्या करायची, आणि दुपार कलली की मी तिला गाडीत बसवून यायचो. अशी वर्षं गेली. त्यात आमची मुलगी झाली, तीही लहानपणी माझ्याकडं रविवारचीच येत असे. ज्या पोरीनं पाटीवर नाव लिहिलं होतं ती पुढं त्याच शाळेत शिकवायला लागली. मग बायकोची बदली अमरावतीला झाली, मी परतवाडा सोडला, राजापेठेत घर केलं. भांडं आपटल्याचा आवाज मला रोज ऐकू येऊ लागला तेव्हा आम्ही दोघंही तरुण राहिलो नव्हतो.

तिच्या शेवटच्या आजारपणाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी आम्ही ओट्यावर उन्हात बसलो होतो. ती मेथी निवडत होती, मी पेपर वाचत होतो. मध्येच ती म्हणाली, "त्या दिवशी धारणीले गाडी सुरू नसती झाली तर बरं झालं असतं."

मी पेपर खाली ठेवला. "तुले तं शाळेत राह्यचं होतं."

"शाळा आवडे मले. पन शाळा परतवाड्यालेही होत्या," ती म्हणाली. "मामाजीनं सांगतलं तवा मले आतून इतकं बरं वाटलं होतं, का आता आपल्याले तोंडानं काही बोला नाही लागत, आपोआपच होते. मी संक्रांतीची वाट पाहून राहिली होती. अन् तुमी थंडीत कुडकुडत तिथं आले, अन् सापडलं म्हणून ओरडले. लोकायसंगं हसून राहिले होते तुमी."

"मंग काहून नाही बोलली तू?"

तिनं मेथीची काडी मोडली, पानं वेगळी केली, काडी बाजूला टाकली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मले वाटलं, तुमाले रविवारच पुरते."

"नोता पुरत," मी म्हणालो. "एकही रविवार नोता पुरत."